वाचकांची पत्रे : कॉकटेल समारंभात माणशी किती नग?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. लग्नसराई तोंडावर असल्यामुळे ती एकत्र घेत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण त्यातला हिशोब समजला की उरलेल्या दोन पत्रांतील अडचणी बऱ्याच अंशी सुटतात.

पत्र पहिले

माझ्या मुलीच्या लग्नाचा स्वागत समारंभ येत्या डिसेंबरात एका शनिवारी, मांडवीच्या काठावरील एका लॉनवर, संध्याकाळी ७ ते १० या वेळेत ठेवला आहे. मुलीची आणि जावयांची इच्छा अशी आहे, की पंगत किंवा बुफे न ठेवता पेये आणि ट्रेमधून फिरवले जाणारे स्टार्टर एवढेच असावे. मोठी माणसे १२० आणि मुले २० येतील असा अंदाज आहे. मोठ्यांपैकी ४० जण शाकाहारी आहेत, तर जावयांकडची मंडळी ख्रिस्ती आहेत. केटररने बारा पदार्थांची यादी दिली असून सगळे ‘अनलिमिटेड’ असल्याचे तो सांगतो. सासूबाई म्हणतात, की पाहुणे उपाशी परततील. माझ्या यजमानांना वाटते, की निम्मे अन्न फुकट जाईल. माणशी किती नग धरावेत आणि खरोखर बारा पदार्थ हवेत का?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर

आपल्या सासूबाईंची आणि यजमानांची, दोघांचीही भीती रास्त आहे, आणि नियोजन चुकले तर दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडू शकतात. नदीच्या बाजूला उभे असलेले पाहुणे दोन तुकडे खाऊन घरी जातात आणि स्वयंपाकाच्या मंडपात दोन पराती भरून तळण उरते, असे मी एकाहून अधिक समारंभांत पाहिले आहे. म्हणून एकूण किती करायचे आणि ते कोणत्या वेळी, कोणापर्यंत पोचवायचे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून विचार करू.

मात्र त्याआधी पत्रिका पाहिली पाहिजे, कारण पाहुणा घरून काही खाऊन येणार की जेवायलाच येणार, हे पत्रिकेवरील मजकूर आणि वेळ ठरवतात. आपल्या गोव्यात, हिंदू घरचे असो वा ख्रिस्ती घरचे, रिसेप्शन म्हटले की जेवण हे लोकांच्या मनात इतके पक्के आहे, की केवळ ‘७ ते १०’ असे छापल्यास प्रत्येक जण जेवणाच्या तयारीने येईल, आणि त्यात त्याची चूक काहीच नसेल. ‘अल्पोपाहार व पेये’ असे स्पष्ट छापावे. तरीही, साडेआठ ते साडेनऊ ही आपल्याकडची जेवणाची वेळ समारंभाच्या अगदी मध्यावर येत असल्यामुळे, छापलेल्या शब्दांनी भूक थांबणार नाही हे गृहीत धरावे. समारंभ ६ ते ८ असा ठेवणे शक्य असेल तर खाण्याचा हिशोब जवळजवळ निम्म्यावर येईल. वेळ बदलणे शक्य नसेल, तर हे स्टार्टर म्हणजेच पाहुण्यांचे रात्रीचे जेवण आहे असे समजून पुढचे आकडे धरावेत. मी तसेच धरले आहेत.

नग म्हणजे काय, हे केटररशी बोलताना आधी ठरवून घ्यावे. एक किंवा दोन घासांत संपणारा, २५ ते ३० ग्रॅम वजनाचा तुकडा म्हणजे एक नग, असा माझा हिशोब आहे. समारंभानंतर जेवण असेल तर पहिल्या तासाला माणशी चार ते सहा नग पुरतात. जेवण नसेल तर तीन तासांना बारा ते चौदा लागतात, आणि ते तासागणिक सारखे वाटले जात नाहीत. पहिल्या तासात पाच, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात तीन अशी उतरती मागणी असते. बारा नगांचे वजन ३०० ते ३६० ग्रॅम होते, म्हणजे हलक्या जेवणाइतके. सासूबाईंना नगांचा आकडा पटत नसेल तर हे वजन सांगावे. नगांपेक्षा वजनाने पोटाचा अंदाज लवकर येतो.

आता आपली बेरीज. मोठी माणसे १२०, प्रत्येकी १२ नग, म्हणजे १,४४०. मुले २०, प्रत्येकी ६, म्हणजे १२०. एकूण १,५६०. त्यावर दहा टक्के वाढीव धरले की साधारण १,७०० नग होतात. वाढीव दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. घरातील प्रत्येक जण आपापल्या काळजीपोटी थोडे थोडे वाढवतो, केटरर आपले वेगळे वाढवतो, आणि शेवटी १,७०० चे २,५०० कधी झाले हे कोणालाच कळत नाही. वाढीव आकडा एकाच व्यक्तीने, एकदाच धरावा.

शाकाहारी पाहुणे एक तृतीयांश आहेत म्हणून शाकाहारी नगही एक तृतीयांश ठेवणे, ही फार वेळा होणारी आणि फार जिव्हारी लागणारी चूक आहे. मांसाहार करणारे पाहुणे शाकाहारी ट्रेमधलेही उचलतात, शाकाहारी पाहुणा मात्र दुसऱ्या ट्रेकडे वळू शकत नाही. परिणामी त्याचेच आधी संपते. म्हणून निम्मे म्हणजे ८५० नग शाकाहारी ठेवावेत. शनिवार असल्यामुळे हे प्रमाण पुरेल. हाच समारंभ सोमवारी किंवा गुरुवारी असता, आणि त्यातही मार्गशीर्षातील गुरुवारी असता, तर एरवी मासे खाणारी कितीतरी घरे त्या दिवशी शिवराक (शाकाहारी) असतात हे लक्षात घेऊन मी दोन तृतीयांश शाकाहारी सांगितले असते. आपल्या यादीतील शनिवार पाळणाऱ्या मंडळींची एकदा चौकशी करून घ्यावी.

बारा पदार्थ नकोत. पदार्थ वाढले की प्रत्येकाचे नग कमी पडतात, ‘ते सुंगटांचे (कोळंबीचे) आम्हाला मिळालेच नाही’ अशी तक्रार वाढते, आणि स्वयंपाकाच्या मंडपात बारा ठिकाणी लक्ष विभागले जाते. पन्नास पाहुण्यांपर्यंत पाच-सहा आणि आपल्याइतक्या संख्येला आठ पदार्थ पुरेसे आहेत. त्या आठांतील निदान दोन पोट भरणारे हवेत, म्हणजे पावाचे. गोव्यात त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. छोट्या पावात भरलेले चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) आणि छोट्या उंड्यात भरलेली सुकी बटाट्याची भाजी, हे दोन पदार्थ आपल्या दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांना लहानपणापासून ओळखीचे आहेत. असा एक पाव दोन नगांच्या बरोबरीचा धरावा.

मी अशी वाटणी सुचवेन. मांसाहारी ८५० पैकी सुंगटांचे रिसॉइस (सारण भरून तळलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या) २५०, रवा लावून तळलेल्या इसवणाचे (सुरमईचे) बिनकाट्याचे तुकडे १८०, काफ्रिअलच्या (कोथिंबीर-मिरचीच्या हिरव्या) मसाल्यातील बिनहाडाचे चिकन २२० आणि चोरीस-पाव १००, जे २०० नगांच्या जागी येतात. शाकाहारी ८५० पैकी पनीर टिक्का २५०, मश्रूमचे छोटे पॅटिस २००, सुरणाच्या रवा लावलेल्या फोडी १५० आणि भाजी भरलेले उंडे १२५, म्हणजे २५० नग. रिसॉइसचा आकडा मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण सुंगटांचा ट्रे सर्वांत आधी रिकामा होतो. चोरीस डुकराच्या मांसाचे असल्यामुळे तो ट्रे वेगळ्या रंगाच्या रुमालाने ओळखता येईल असा ठेवावा आणि वाढप्याने समोर ट्रे धरताना पदार्थाचे नाव सांगावे. जावयांकडच्या मंडळींना क्रोकेट (खिम्याचे तळलेले छोटे रोल) हवे असतील तर रिसॉइसच्या संख्येतून शंभर कमी करून ते चिकनचे करावेत. दोन्ही घरांच्या एकत्र समारंभात बीफचे ठेवू नयेत.

तळणीचे पदार्थ तीनच ठेवले आहेत, तेही विचारपूर्वक. एका कढईतून ठरावीक वेळात ठरावीकच घाणे निघतात. आठपैकी सहा पदार्थ तळणीचे असले तर रांग कढईपाशीच लागते आणि लॉनवर कितीही वाढपी असले तरी ते रिकाम्या हातांनी उभे राहतात. पनीर आणि चिकन निखाऱ्यावर किंवा तव्यावर, पॅटिस ओव्हनमध्ये, आणि पाव ऐनवेळी भरून, अशी कामे विभागली की ट्रे खंडत नाहीत. सुरणाच्या फोडी तळण्यासाठी कढई आणि तेल दोन्ही स्वतंत्र असावे, हे केटररकडून लेखी घ्यावे. ज्या तेलात रिसॉइस तळले त्याच तेलात फोडी तळल्या, हे नंतर कळल्यास शाकाहारी पाहुण्याला जे वाटते त्याची भरपाई कोणत्याही पदार्थाने होत नाही. शिवाय सुंगटांची अॅलर्जी असलेल्या पाहुण्याच्या दृष्टीने हा केवळ श्रद्धेचा प्रश्नही राहत नाही.

‘अनलिमिटेड’ या शब्दावर विसंबू नये. माणशी दर ठरवून अमर्याद देण्याचे कबूल करणारा केटररही मनाशी एक आकडा धरूनच सामान आणतो, आणि तो आकडा आपल्याला माहीत असला पाहिजे. म्हणून त्याला वजने विचारावीत. इसवणाच्या १८० तुकड्यांना प्रत्येकी २५ ग्रॅमप्रमाणे साडेचार किलो स्वच्छ मासा लागतो. डोके, काटा आणि कातडे काढल्यावर अख्ख्या माशाचा निम्म्याच्या आसपास भाग उरतो, म्हणजे बाजारातून सुमारे नऊ किलो मासा यायला हवा. चिकनच्या २२० नगांना कच्चे ३० ग्रॅम धरल्यास साडेसहा किलोंच्या थोडे वर बिनहाडाचे मांस लागते. पनीर सव्वासहा किलो, आणि रिसॉइसच्या सारणाला एका नगामागे १५ ग्रॅमप्रमाणे पावणेचार किलो. हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवले, की ‘पुरेल हो बाई’ या उत्तरावर बोलणे थांबत नाही, आणि प्रामाणिक केटररला त्याचा रागही येत नाही.

आता पोचवण्याचा प्रश्न, ज्याकडे माझ्या अनुभवात सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एका ट्रेवर २४ नग बसतात असे धरले तर १,७०० नगांचे सुमारे ७० ट्रे होतात. पहिल्या तासाच्या वाट्याला त्यांतील २९ येतात, म्हणजे त्या तासात साधारण दर दोन मिनिटांनी एक भरलेला ट्रे मंडपातून बाहेर पडला पाहिजे. यासाठी पंचवीस पाहुण्यांमागे एक, असे पाच वाढपी केवळ खाण्याच्या ट्रेसाठी हवेत. पेल्यांसाठीची माणसे निराळी. वाढपी एकाच तोंडाने बाहेर पडत असतील तर तोंडापाशी उभी असलेली मंडळी आठ-आठ नग खातात आणि नदीकाठच्या कठड्याशी टेकलेल्यांपर्यंत ट्रे पोचतो तेव्हा त्यावर लिंबाच्या फोडी आणि रुमाल उरलेला असतो. प्रत्येक दुसरा ट्रे थेट लॉनच्या दूरच्या टोकाला न्यावा आणि तिथून माघारी वाढत यावे, अशी सूचना वाढप्यांच्या प्रमुखाला आधीच द्यावी. ज्येष्ठ मंडळींसाठी खुर्च्या आणि छोटी मेजे मांडून त्यांच्यासाठी एक वाढपी नेमून ठेवावा. गुडघे दुखणाऱ्या आजीला ट्रेमागे चालावे लागू नये, यासाठी इतकी व्यवस्था करणे आपले कर्तव्य आहे असे मी मानते.

पत्रिकेवर ७ असले तरी आपल्याकडे बहुतेक पाहुणे पावणेआठच्या सुमारास येतात, तेव्हा ‘पहिला तास’ घड्याळावरून मोजू नये, निम्मे पाहुणे लॉनवर दिसले की तो सुरू झाला असे समजावे. ७ वाजता आलेल्या वक्तशीर पाहुण्यांसाठी चार-पाच ट्रे पुरतात. दुसऱ्या टोकाला, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. संगीत थांबले की पाहुणेही निघतात. म्हणजे खाण्याचा खरा अवधी सव्वादोन तासांचाच आहे. त्यात नग कमी लागतील असे मात्र समजू नये, कारण उशिरा आलेला पाहुणा अधिक भुकेला असतो. टोस्ट आणि भाषणे चालू असताना ट्रे थांबवावेत आणि ती संपताच पावाचे दोन्ही पदार्थ एकदम बाहेर काढावेत. साडेआठच्या सुमारास पाव पोटात गेला की उरलेली संध्याकाळ शांतपणे पार पडते.

शेवटचे २०० नग आपल्याला विचारल्याशिवाय तळू किंवा भाजू नयेत, असे ठरवून घ्यावे. न तळलेले रिसॉइस शीतपेटीत राहतात आणि दुसऱ्या दिवशी घरी वापरता येतात. तळून ठेवलेल्यांचे काही करता येत नाही. आपल्या यजमानांची नासाडीची काळजी दूर करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मेजांवर भाजलेले काजू, खारे शेंगदाणे आणि केळ्याचे चिप्स माणशी ३० ग्रॅमप्रमाणे, म्हणजे मोठ्यांसाठी साडेतीन किलोंच्या आसपास ठेवावेत. ते नगांच्या हिशोबात धरू नयेत, पण पहिला पेला हाती आल्यापासून पहिला ट्रे समोर येईपर्यंत त्यांचाच आधार असतो. आपल्या गावांतून खुरसापुढे (क्रुसापुढे) लादाइन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाल्यावर जमलेल्यांना उकडलेले चणे आणि फेणी देण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात हेच शहाणपण दिसते. रिकाम्या पोटी पेय देऊ नये, आणि देण्यासाठी फार खर्चाचे काही लागतही नाही. आपल्या समारंभात खोबऱ्याचे बारीक काप घातलेल्या उकडलेल्या चण्यांची एक वाटी प्रत्येक मेजावर ठेवलीत, तर दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना ती ओळखीची वाटेल.

पेयांचा हिशोब आपण विचारलेला नाही, तरी खाण्याशी संबंध आहे म्हणून थोडक्यात सांगते. मद्य घेणाऱ्या व्यक्तीमागे पहिल्या तासाला दोन आणि पुढच्या प्रत्येक तासाला एक पेला धरावा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ६० मिलिलिटरचे बारा पेग आणि वाइनच्या बाटलीतून पाच पेले निघतात. मद्य न घेणाऱ्यांसाठी सोलकढी, कोकम सरबत आणि लिंबाचे पेय माणशी तीन पेले असावे, आणि ते तितक्याच चांगल्या पेल्यांतून, तितक्याच अगत्याने फिरवावे. उघड्या लॉनवर बर्फ माणशी एक किलो लागतो, कारण त्यातच बाटल्याही थंड करायच्या असतात. स्वागताच्या पेयात काजूफेणी वापरण्याचा विचार असेल तर तो मला आवडेल; २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे आपले पेय आहे. मात्र ती तीव्र असल्यामुळे पेल्यामागे ३० मिलिलिटरच्या वर घालू नये. हुराक (काजूच्या रसाचे पहिल्या धारेचे सौम्य मद्य) डिसेंबरात मिळणार नाही, तो काजूच्या हंगामातलाच.

पत्र दुसरे

माझे पती जुलैअखेर, श्रावण लागण्याआधी, निवृत्त होत आहेत. त्यानिमित्त घरी तीस जणांना संध्याकाळी साडेसातला बोलावले आहे. नऊ वाजता घरीच जेवण आहे. त्याआधी पेयांसोबत काय आणि किती ठेवावे? शक्यतो घरीच करायचे आहे. मासे हवेतच, असा पतींचा आग्रह आहे.
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर

जेवण पुढे असल्यामुळे माणशी पाच नग, म्हणजे १५० नग पुरेत. याहून अधिक केलेत तर आपण दिवसभर खपून केलेले जेवण पाहुणे हात राखून जेवतील. स्टार्टर असताना जेवणाचा अंदाजही मी नेहमीच्या पाऊणपटच धरते, भात तर त्याहूनही थोडा कमी.

माशांच्या बाबतीत आपल्याला तारीख आड येते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि हा काळ माशांच्या विणीचा असल्यामुळे ती पाळली जाणे आपल्या सर्वांच्या हिताचे आहे. बाजारात त्या दिवसांत जे इसवण दिसते ते बहुधा बाहेरून आलेले किंवा बर्फातले असते आणि महागही असते. अशा वेळी पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीचा) डबा उघडावा. सुक्या सुंगटांचे किसमूर (खोबरे घातलेली सुकी कोशिंबीर) छोट्या पापडावर चमचाभर घालून दिले तर तो उत्तम स्टार्टर होतो. तीस जणांसाठी ४० पापड पुरतात. सुंगटे भाजून आणि खोबरे खवून आधी तयार ठेवावे, पण कांदा, मीठ आणि आंबट ट्रे बाहेर नेण्याच्या क्षणीच मिसळावे, कारण पावसाळी हवेत किसमूर दहा मिनिटांत ओलसर होते आणि पापडही मऊ पडतो. दमट हवेची ही अडचण प्रत्येक कुरकुरीत पदार्थाला आहे. जुलैत तळून ठेवणे टाळावे.

बाकीच्या ११० नगांपैकी ४० काफ्रिअल चिकनचे, ३५ बटाट्याच्या छोट्या चॉपचे, आत खिम्याऐवजी मटार किंवा गाजराचे सारण भरून, आणि ३५ रवा लावलेल्या नीरफणसाच्या किंवा वांग्याच्या फोडी, असे करावे. चॉप आदल्या दिवशी वळून शीतकपाटात ठेवता येतात आणि चिकनला मसाला आदल्या रात्री लावलेला उलट चांगलाच. म्हणजे ऐनवेळी आपल्याला फक्त फोडी आणि चॉप परतायचे राहतात. एका गॅसवर तवा, दुसऱ्यावर जेवणाचा रस्सा, असे सांभाळून घरच्या बाईला पाहुण्यांत चार शब्द बोलायला वेळ मिळाला पाहिजे. निरोप पतींचा असला तरी त्या संध्याकाळी आपणही घरात पाहुण्यांसमोर असायला हव्यात.

जुलैत अळमी (पावसाळी रानमश्रूम) येतात आणि ती स्टार्टरमध्ये घालण्याचा मोह होईल. तसे करू नये. तीस जणांना पुरतील एवढी अळमी घेणे फार खर्चाचे आहे, आणि रव्यात घोळून तळल्यावर त्यांची चव राहत नाही. थोडी मिळाली तर जेवणातल्या तोणाकात (वाटणाच्या रस्साभाजीत) घालावीत, तिथे त्यांचे चीज होते.

पत्र तिसरे

वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही ८० पाहुण्यांना कॉकटेल आणि त्यानंतर जेवण दिले. स्टार्टरचे सुमारे ३०० नग उरले. ते रात्री झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी एका आश्रमात नेण्याचा विचार होता, पण आचाऱ्याने मना केले आणि सर्व टाकावे लागले. मनाला फार लागले. त्याचे म्हणणे बरोबर होते का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर

आचाऱ्याचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानाच्या पट्ट्यात दोन तासांहून अधिक राहिले तर ते दुसऱ्याला देऊ नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासावर येते. आपल्या किनाऱ्यावरच्या उकाड्यात हा नियम सैल करण्याला जागा नाही. सुंगटे, खेकडे, शिणाणे (शिंपले), अंडी किंवा ओले खोबरे असलेल्या पदार्थांत तर मुळीच नाही, कारण ते बिघडल्याचे वासावरून कळेलच असे नसते. आश्रमातील वृद्ध आणि मुले यांना अशा अन्नाचा त्रास सर्वांत अधिक होतो. आपल्या मनातील हेतू चांगला होता, पण त्यांच्यासाठी ते अन्न सुरक्षित नव्हते.

अन्न खरोखर पोचवायचे असेल तर त्याची तयारी समारंभाच्या आधी करावी लागते. संस्थेशी आधी बोलून त्यांना रात्री साडेनऊला अन्न चालेल का हे विचारावे, वाहन आणि स्वच्छ डबे ठरवून ठेवावेत, आणि केवळ तेच अन्न द्यावे जे लॉनवर फिरलेलेच नाही व गरम पेटीत किंवा बर्फात राहिले आहे. पाहुण्यांसमोरून परत आलेला ट्रे, त्यावरचे नग मोजून तसेच असले तरी, देण्याच्या डब्यात जाऊ नये.

आता ते ३०० नग उरले कसे, हेही पाहू. आपल्या पत्रासोबत जोडलेल्या बिलात माणशी दहा नग दिसतात, म्हणजे ८०० नग केले गेले. हा आकडा जेवण नसलेल्या समारंभाच्या जवळचा आहे. आपल्याकडे जेवण होते, तेव्हा माणशी सहा पुरते, म्हणजे ४८०. या दोहोंतील फरक ३२०. आपले पाहुणे अगदी अपेक्षेइतकेच जेवले, फक्त केटररने दोन वेगळ्या समारंभांचे दर एकत्र लावले. बिलावर ‘स्टार्टर’ आणि ‘जेवण’ या दोन्ही ओळी असतील तेव्हा नगांचा आकडा कमी करून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि तो आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच वापरावा. त्याच केटररकडे पुन्हा काम देणार असाल, तर उरलेले ३०० नग नेमके कोणत्या पदार्थांचे होते हे आठवत असेपर्यंत लिहून ठेवा. त्यांतील बहुतेक एकाच पदार्थाचे असतील, तर पुढच्या वेळी तो पदार्थच यादीतून काढावा लागेल.